गोष्ट आधी, वस्तू नंतर: घर हलवताना आणि माणूस गेल्यावर घरातल्या वस्तूंचं काय करावं

धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर पाडून स्लॅब टाकायचं ठरतं. निवृत्तीनंतर भुसावळचं रेल्वे क्वार्टर रिकामं करून द्यायचं असतं. गावाकडची माय मुलाकडे पुण्याला नाहीतर सुरतेला राहायला निघते. भावांची वाटणी होते. घरातलं कोणी कायमचं जातं. अशा प्रत्येक वेळी पैशाचा, कागदपत्रांचा, टेम्पोचा विचार आधी होतो आणि वस्तूंचा विचार अगदी शेवटच्या दोन दिवसांत, दमलेल्या अंगानं होतो. मग पाट्या-वरवंट्यावरून बहीण-भावात अबोला येतो. किंवा वर्षानुवर्षं जपलेली पत्र्याची ट्रंक भंगाराच्या हातगाडीवर चढते आणि कितीतरी दिवसांनी कोणाला तरी आठवतं की तिच्या तळाशी वडिलांची पत्रं होती.

अशा वेळी काय करावं, कोणत्या क्रमानं करावं, ते इथे सांगते आहे. आपल्या खानदेशात नात्यातली आणि शेजारातली बरीच घरं रिकामी होताना मी हाताशी होते. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: वस्तूचा निर्णय करायच्या आधी तिची गोष्ट काढून घ्यावी. गोष्ट हाती असली की वस्तू सोडतानाही जीव तुटत नाही. गोष्ट गेली की तीच वस्तू पुढच्या पिढीला अडगळ वाटते, आणि त्यात त्या पिढीचा दोष नसतो.

वस्तूत एवढं काय असतं

घर बदललं की हातांच्या सवयी मोडतात. अंधारात उठून डाव्या हाताला माठ सापडायचा, तो आता नसतो. दार उघडल्याचा आवाज वेगळा असतो. बंगईची, म्हणजे झोपाळ्याची, कडी करकरत नाही. वयस्कर माणसाला ‘इथे करमत नाही’ असं वाटतं त्याचा मोठा भाग हाच असतो. पण ते नेमकं सांगता येत नाही, म्हणून मग जेवण नको, झोप नाही, अशा तक्रारी सुरू होतात.

डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. लहान मूल एखादं फडकं किंवा गोधडीचा कोपरा का सोडत नाही, याबद्दल त्यांनी १९५३ साली मांडणी केली. आई जवळ नसताना आईची सोबत त्या फडक्यात असते, आणि त्या आधारानं मूल तिच्यापासून थोडं दूर जायला शिकतं. मोठ्या माणसांचंही फार वेगळं नसतं. शोकाच्या अभ्यासातही एके काळी गेलेल्या माणसाशी नातं तोडून पुढे जाणं हेच बरं होण्याचं लक्षण मानलं जाई. १९९६ च्या सुमारास डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याउलट मांडणी केली: नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते टिकवणं निरोगी असू शकतं.

आपल्याकडे हे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिसतं. पितरांच्या नावानं नवी मातीची घागर भरतो, तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवतो, घास टाकतो. घागर दरवर्षी नवी असते, माणूस मात्र तोच आठवलेला असतो. म्हणजे आठवण जपायला प्रत्येक वेळी जुनीच वस्तू लागते असं नाही, आठवणीला काहीतरी काम नेमून द्यावं लागतं. हे लक्षात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचा.

पहिली पायरी: काय आज करायचं आणि काय मुळीच नाही

माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत फक्त एवढंच बाजूला काढा: मृत्यूच्या दाखल्यासाठी लागणारी ओळखपत्रं, बँकेची पासबुकं, विम्याचे कागद, सातबारा-खातेउतारा, लॉकरची किल्ली, मोबाइल आणि त्याचा चार्जर. मोबाइलचं सिम बंद करायची घाई करू नका. बँकेचे ओटीपी त्यावर येतात आणि आवाजाचे संदेशही त्या फोनमध्ये असतात. उरलेली औषधं वेगळी ठेवा, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

बाकी सगळं थांबू शकतं. अडचण अशी की आपल्याकडे ते थांबू दिलं जात नाही. बऱ्याच घरांत अंथरूण-पांघरूण, कपडे दहाव्या-तेराव्याच्या आत देऊन टाकायची रीत आहे आणि मदतीला आलेल्या बायका मायेनंच कपाट रिकामं करायला लागतात. रीत मोडायची गरज नाही. फक्त त्याआधी घरातल्या एकानं शांतपणे कपाटाशी जाऊन गेलेल्या माणसाचा रोजच्या वापरातला एक कपडा, चष्मा, आणि हातातली एखादी वस्तू (काठी, घड्याळ, जपमाळ, अडकित्ता) पिशवीत घालून ठेवावी. कपडा न धुतलेला घ्या. कपड्यातला वास घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत बरेच दिवस टिकतो. धुतला की तो कायमचा गेला. पुढे मुलीला तो नको वाटला तर ती स्वतः धुवेल, पण निवड तिची राहील.

क्वार्टर सोडायचं असेल किंवा मिस्त्रीनं पाडकामाची तारीख दिली असेल तर थांबणं शक्य नसतं. अशा वेळी निर्णय पुढे ढकला, सामान ढकलू नका. न ठरलेलं सगळं खोक्यात भरून ‘बाकी’ असं लिहून नातेवाइकाच्या कोरड्या खोलीत ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखाली त्याहून जास्त ताव असतो आणि फोटो एकमेकांना चिकटतात, कॅसेटची फीत वाकते.

दुसरी पायरी: गोष्ट काढून घेणं

ही सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि सर्वांत जास्त टाळली जाणारीही हीच. या फेरीत काहीही उचलायचं नाही, टाकायचं नाही, विभागायचं नाही. घरातल्या सर्वांत जाणत्या माणसाला, म्हणजे मोठ्या मायला, जिभाऊंना, आत्याला, सोबत घेऊन ओसरीपासून माजघरापर्यंत फक्त फिरायचं आणि ऐकायचं. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा, खिशात नव्हे तर हातात धरा, पंखा बंद करा. एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे. त्याहून जास्त झालं की जुनी माणसं थकतात आणि थकली की ‘जाऊ दे, टाका सगळं’ म्हणतात. ते खरं मानू नका.

विचारताना त्यांच्याच बोलीत विचारा. ‘या भांड्याचा इतिहास काय?’ असं विचारलं तर ‘काही नाही, जुनं आहे’ एवढंच उत्तर मिळतं. ‘माय, हाई भांडं कथाईन उनं?’ (हे भांडं कुठून आलं?) असं विचारलं की माणूस खाली बसतो. अहिराणी असो की लेवा बोली, घरात जी चालते तीच बोला आणि तीच रेकॉर्ड होऊ द्या. पुढे नातवंडांना गोष्टीइतकाच तो आवाज आणि ती बोली हवी असते, कारण पुण्या-मुंबईत वाढलेल्या मुलांच्या कानावर ती फारशी पडलेली नसते.

मला उपयोगी पडलेले प्रश्न असे. हे घरात कोणी आणलं, आणि तेव्हा घरात कोण कोण होतं? यावर कोणाचा हात असायचा? हे कधी हरवलं, गहाण पडलं, फुटलं होतं का? कुठल्या सणाला निघायचं? आणि सर्वांत शेवटी: हे कोणाकडे गेलेलं तुला आवडेल? शेवटचा प्रश्न पहिल्यांदा विचारू नका. तो आधी विचारला तर म्हाताऱ्या माणसाला वाटतं की वाटणीच सुरू झाली.

उत्तरं अनपेक्षित असतात. चोपड्याकडच्या एका घरात मुलं पितळी हंड्यांबद्दल विचारत होती. आजीनं हंड्यांकडे पाहिलंही नाही. ती भरीत ठेचायच्या लाकडी बडगीपाशी थांबली, कारण ती तिच्या सासूनं तिला ‘आता स्वयंपाक तुझा’ म्हणत हातात दिली होती. हंडे विकले गेले असते तर तिला चाललं असतं. बडगी मात्र सरपणात जाणार होती.

रोज रात्री एका दोनशे पानी वहीत लिहून काढा. एका पानावर एक वस्तू: तिचं घरातलं नाव, कोणाची, कुठून आली, गोष्ट थोडक्यात, सांगणाऱ्याचं नाव, तारीख. शेजारी वस्तूचा फोटो डकवा. वस्तूवर दोऱ्यानं चिठ्ठी बांधा आणि पानाचा क्रमांक टाका. रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर न ठेवता पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या एखाद्या घरी अशा दोन ठिकाणी ठेवा.

सांगणारं कोणी उरलंच नसेल तर वस्तूचा फोटो भाऊबंदांच्या ग्रुपवर पाठवा आणि ‘हे कोणाला आठवतं?’ एवढंच विचारा. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये राहणारा चुलत चुलता अचानक अर्धा तास बोलतो, हे मी पाहिलं आहे.

तिसरी पायरी: ओढ कशाची आहे ते ओळखणं

आता एकेक वस्तू हातात घ्या आणि स्वतःला विचारा: मला ही हवी आहे, की ही टाकली तर मी वाईट ठरेन असं वाटतं आहे? दोन्ही भावना छातीत एकाच ठिकाणी दाटतात, म्हणून गल्लत होते. लग्नात आलेले आणि कधीच न उघडलेले डिनर सेट, कोणीतरी दिलेली मोठी फ्रेम, जावेनं आग्रहानं दिलेली साडी, या बहुतेक दुसऱ्या प्रकारात जातात. त्या गरजूला द्या. देणाऱ्याचं प्रेम मिळालं तेव्हाच ते पोचलं होतं.

हवी असण्याच्या ओढीतही फरक असतो. काही वस्तू माणूस जवळ आणतात: वडिलांचं पेन, आईची पोत. काही आपली स्वतःची ओळख सांगतात. शेती बटाईनं दिल्यावर आणि बैल विकल्यावर खुंटीला राहिलेली घुंगरमाळ ही त्यातली. ती काढायला सांगणं म्हणजे त्या माणसाला ‘तुम्ही आता शेतकरी नाही’ असं सांगणं. निवृत्त गार्डची शिट्टी, शिक्षकाची छडी, शिवणकाम करणाऱ्या बाईची कात्री यांचंही तसंच. अशा वस्तूंचा निर्णय ज्याची ओळख आहे त्यानंच करावा, मुलानं किंवा सुनेनं नव्हे, मग कितीही जागा अडत असो. तिसऱ्या प्रकारच्या वस्तू निव्वळ जागा आठवून देतात: जुन्या दाराची कडी, ओट्यावरची फरशी, अंगणातल्या निंबाची फांदी. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. ज्यांना परत जाऊन पाहायला गावच उरलं नाही त्यांच्यासाठी अशा वस्तूचं मोल बाहेरच्या माणसानं ठरवू नये.

चौथी पायरी: मोठ्या वस्तू

बंगई, जातं, उखळ, काथवट, तांब्याचा बंब, कोठी, सागाच्या तुळया. टू बीएचकेमध्ये यातलं काय मावणार? आधी नव्या घरी जाऊन टेपनं जागा मोजा, मगच बोला. ‘बघू, बसेल’ या शब्दावर आणलेली वस्तू जिन्यात राहते आणि सोसायटीशी भांडण होतं.

पूर्ण वस्तू येत नसेल तर तिचा हाताशी असलेला भाग आणा. बंगईत लोकांच्या आठवणीत फळीपेक्षा पितळी कड्या जास्त असतात, कारण आवाज त्यांचा असतो. फळीचा बाक किंवा देवघराचा पाट होतो, कड्या दाराशी टांगता येतात. बंगईच हवी असेल तर स्लॅबला हूक ठोकायच्या आधी इंजिनिअरला दाखवा, नाहीतर जमिनीवर उभ्या लोखंडी चौकटीत टांगा. जात्याची वरची दगडी तळी खुंट्यासह गॅलरीत राहते. हळद किंवा उडदाची डाळ वर्षातून एकदा तरी त्यावर दळली जावी असं वाटत असेल तर मात्र दोन्ही तळ्या आणा आणि टाकी लावून, म्हणजे दगडाला नव्यानं टाचे मारून, घ्या.

धाब्याचं घर उतरवताना लाकडाकडे विशेष लक्ष द्या. जुना साग चांगला निघतो आणि मिस्त्री बहुतेक वेळा मजुरीच्या हिशेबात लाकूड स्वतःकडे ठेवायचं बोलतो. आपल्याला कोणतं लाकूड हवं ते आधीच खडूनं खुणा करून ठरवा: उंबरा, दाराची चौकट, देवघराच्या वरची तुळई. जमिनीलगतच्या लाकडाला वाळवीचा त्रास असतो, म्हणून जमिनीला टेकलेलं टोक हातभर कापून टाका, पोकळ आवाज येतो का ते ठोकून पाहा आणि वाळवीचं औषध मारल्यावरच सुताराकडे न्या. चौकटीवर मुलांची उंची मोजून मारलेल्या रेघा असतील तर रंधा मारण्याआधी सुताराला चार वेळा बजावून सांगा.

खापराबद्दल, म्हणजे पोळ्या भाजायच्या मातीच्या भांड्याबद्दल, एक वेगळी सूचना. खापरावरच्या पुरणपोळ्या करणारी बाई घरात असेल तर खापर शोभेला ठेवू नका, गवतात आणि जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन न्या आणि नव्या घरी पहिल्या महिन्यातच पोळ्या करा. गॅसवर नीट होत नाहीत, गच्चीवर विटांची चूल मांडा. शिकणाऱ्या मुलीला शेजारी बसवा. खापर एखाद्या दिवशी फुटणारच, पण कला हातात उतरलेली असेल तर नवं आणता येतं.

पाचवी पायरी: कपड्यांची गोधडी

आपल्या आजीपणज्यांनी या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवलं आहे. साडी जीर्ण झाली की ती टाकायची नाही, जपूनही ठेवायची नाही, पांघरायची.

फक्त सुती कपडे घ्या: नऊवारी, धोतर, मऊ झालेल्या चादरी. नायलॉन-पॉलिस्टर मिसळलं तर धुतल्यावर गोळे होतात. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. चार घड्या घातल्या की दोन मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या जवळपास रुंद, चार पदरी थर मिळतो. एवढ्यावर एका माणसाची हलकी गोधडी होते. थंडीची हवी असेल तर आत धोतराचे आणखी दोन थर घाला. सगळं कोमट पाण्यात धुऊन, कडक वाळवून घ्या, घड्या सतरंजीवर ताणून पसरा, चारी कडांना कच्चे टाके घाला आणि मग कडेकडून मध्याकडे धावदोरा घालत या. काठ कापून टाकू नका, त्याचीच पट्टी चारी बाजूंनी लावा, कारण पाहणारा आईची साडी काठावरूनच ओळखतो. एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्यानं नाव आणि साल घाला.

मुलं तीन आणि साडी एकच आवडीची असेल तर ती साडी तिघांच्याही गोधडीत वरच्या थराला तुकड्यानं येऊ शकते. भांडण मिटवायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. स्वतःला शिवता येत नसेल तर गावात गोधडी शिवणाऱ्या बाया अजून आहेत. त्यांना योग्य मजुरी द्या, घासाघीस करू नका.

पैठणी, शालू, जरीची साडी गोधडीत घालू नये. ती मलमलच्या किंवा जुन्या सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका, आणि दर चार-सहा महिन्यांनी घडी बदला. एकाच घडीवर राहिलेली जर तिथेच तुटते.

सहावी पायरी: सोनं आणि देव

जळगावच्या सराफ बाजारात रोज कोणाच्या तरी आईचे दागिने मोडीत निघतात, आणि त्यात वाईट काही नाही. पाटल्या मोडून मुलीचं शिक्षण होणं हे आईला आवडलंच असतं. पण मोडायच्या आधी तीन गोष्टी करा. दागिन्याचा मापपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा. घरच्या सगळ्या वारसांसमोर वजन करून वहीत लिहा. आणि एक मणी, एक डोरलं किंवा साखळीचा एक पेर वेगळा काढून ठेवा. नव्या दागिन्यात तो मणी ओवता येतो. दागिना भावनेचा असला तरी मालमत्ताही आहे आणि मुलींचा त्यात हक्क आहे. ‘ती तिच्या घरी सुखी आहे’ म्हणून तिला न विचारता मोडणं हे पुढच्या कित्येक वर्षांच्या अबोल्याचं कारण होतं.

देवघरातले टाक, कानबाईचं (खानदेशात श्रावणात घरी बसवतात त्या देवीचं) परंपरेनं आलेलं नारळ यांचा निर्णय एकट्यानं करू नका. कोणाकडे न्यायचं, वेगळी कानबाई बसवायची का, हे कुळाच्या रीतीप्रमाणे भाऊबंदकीत बसून ठरतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईला बाहेरगावची माणसं घरी येतात. एवढे लोक एकत्र येण्याची तीच वेळ, तेव्हा वस्तूंचं बोलणंही त्याच मुक्कामात सोमवारी विसर्जनानंतर काढा. सणाच्या दिवशी नको.

सातवी पायरी: फोटो, कागद, आवाज

फोटोच्या मागे नावं लिहा, मऊ पेन्सिलीनं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. छोटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, कागदांना ३०० पुरतं. व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा म्हणजे दर्जा उतरत नाही. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर ओढू नका, आहे तसाच स्कॅन करा. जुनी पत्रिका, सनद, दाखला लॅमिनेट कधीच करू नका, ते पुन्हा सोडवता येत नाही. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन बारीक प्लास्टिकचे तुकडे आधी मोडा, मग तिच्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. त्यानंतरच ती वाजवा.

घरात मोडी लिपीतले कागद, पोथ्या, बाडं निघाली तर रद्दीत घालू नका. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. दोन्ही संस्थांनी जुनी हस्तलिखितं जपली आहेत. आधी तिथे दाखवा. देणगी दिली तर पावतीवर घराण्याचं आणि गावाचं नाव लिहून घ्या.

आठवी पायरी: नव्या घरातला पहिला दिवस

टेम्पोत सर्वांत शेवटी चढणारं आणि सर्वांत आधी उतरणारं खोकं आई-वडिलांचं असावं. त्यांचं अंथरूण, पाण्याचा तांब्या, देव, रेडिओ, पानाचा डबा, काठीची जागा. पाहुण्यांसाठी हॉल लावायच्या आधी त्यांचा कोपरा लावा, आणि जुन्या घरातल्यासारखाच लावा: खाट भिंतीच्या त्याच बाजूला, तांब्या त्याच हाताला, घड्याळ झोपून दिसेल तिथे. विसरभोळेपणा सुरू झालेल्या माणसाला याचा फार आधार होतो. जुनी, कळकट दिसते म्हणून त्यांची उशी-चादर त्या दिवशी बदलू नका. सुनेला नव्या घरात नवं हवं असतं, तेही बरोबरच आहे. पण एक महिना जाऊ द्या.

लहान मुलांना एक पिशवी द्या आणि तिच्यात काय घालायचं ते त्यांनाच ठरवू द्या. दगड, बिल्ले, तुटकी गाडी निघेल. काढून टाकू नका. वसतिगृहात निघालेल्या मुलाला घरातली वापरातली वाटी किंवा चादर द्या, नवी आणलेली नव्हे. सासरी निघालेल्या लेकीला रुखवतातल्या चकचकीत भांड्यांशिवाय माहेरच्या स्वयंपाकघरातलं एक भांडं द्या, जे तिनं लहानपणापासून हाताळलं आहे, आणि तिच्या खोलीचं कपाट पहिल्या आखाजीपर्यंत तसंच राहू द्या. आखाजीला ती माहेरी येते तेव्हा स्वतः बसून लावेल.

नववी पायरी: देणं

जे सोडायचं ठरलं ते शक्यतो नाव असलेल्या माणसाला द्या. पितळेची परात मोडीत किलोवर घालण्याआधी बचत गटाला, मंदिराच्या भंडाऱ्याला, शेजारच्या लग्नघराला विचारा. देताना गोष्टीतलं एक वाक्य सोबत सांगा: ‘या परातीत आमच्या घरची सगळी लग्नं जेवली.’ घेणाऱ्याला त्यातून जबाबदारी कळते आणि देणाऱ्याला निरोप घेता येतो. भंगारात जायचंच असेल तर घरातली म्हातारी माणसं समोर असताना हातगाडी बोलावू नका.

जड जात असेल तर

कधी कधी वस्तू आधार न राहता भिंत होते. गेलेल्या माणसाची खोली वर्षानुवर्षं कुलूपबंद, रोजचं काम आणि झोप कोलमडलेली, कोणाशी बोलणं नको. किंवा याउलट, वर्तमानपत्रं, पिशव्या, डबे इतके साठलेले की चालायला वाट नाही, आणि काही टाकायचं म्हटलं की जिवाची तडफड. पहिल्या प्रकारात जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाप्रमाणे तीव्र शोक सहा महिन्यांहून जास्त काळ, आपल्या समाजाच्या रीतीपलीकडे, तसाच टिकला तर त्याला उपचारांची गरज मानतात. दुसऱ्या प्रकारालाही आता स्वतंत्र आजार म्हणून ओळखतात. त्या माणसाच्या पाठीमागे घर साफ करून टाकू नका. त्यानं विश्वास तुटतो आणि साठवण पुन्हा होते. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, ती चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरच्या माणसानंही स्वतःसाठी फोन केला तर चालतो.

‘बाकी’ लिहिलेली खोकी

ती पुढच्या आखाजीला उघडा, घागर भरून झाल्यावर, माहेरवाशिणी घरात असताना. वही समोर ठेवा. प्रत्येक वस्तूचं पान आधी मोठ्यानं वाचा, मग विचारा, कोणाला हवी? ज्यानं घेतली त्याचं नाव आणि तारीख त्याच पानावर लिहा. कोणीच घेतली नाही ती दिली तरी चालेल, पान वहीत राहतं. उरलेल्या खोक्यांना पुन्हा एक वर्ष द्या, त्याहून जास्त नको. वहीच्या झेरॉक्स प्रती काढून प्रत्येक भावंडाच्या घरी एक द्या, मूळ वही मात्र ज्यानं ती लिहिली त्याच्याकडे असू द्या, कारण चुका दुरुस्त करायला आणि राहिलेल्या गोष्टी भरायला लोक त्यालाच फोन करणार आहेत.